पाकिटातला केस

शिर्डीच्या पुढे, एका रिसॉर्टवरून
३ फेब्रुवारी

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

फोन करायचा सोडून ही पोरगी पत्र कुठं लिहीत बसली, असं तुला वाटेल. आत्या, फोन नाहीत. परवा आमच्या गाड्या जालन्यातून निघाल्या आणि पहिल्याच ढाब्यावर बद्रीनाथ भाऊंच्या माणसानं एक कापडी पिशवी फिरवली. सगळ्या सदस्यांचे आणि सोबत आलेल्या नवऱ्यांचे मोबाईल तिच्यात गेले. "अध्यक्षाची निवडणूक झाली की बराबर ज्याचा त्याला मिळंल," असं तो म्हणाला. ह्याला सहल म्हणायचं. तीन दिवसांत दोन देवळं, एक बाग आणि सहा वेळा भजी झाली.

गणित तुला माहीतच आहे. चार वर्षं प्रशासकाच्या हाती असलेली जिल्हा परिषद आता कुठं सदस्यांची झाली, तर बद्रीनाथ भाऊंच्या आघाडीचे अठ्ठावीस निवडून आले, समोरच्यांचे अठ्ठावीस, आणि पिंपळगाव रेणुकाईतून अपक्ष आलेली मी एकटी. मी जिकडं जाईन तिकडं जिल्हा परिषद जाणार. त्यामुळं जेवताना माझ्या ताटात तूप जरा जास्तच पडतं.

आता खरं सांगते. प्रचारात मी रेणुकाईच्या पायरीवर उभी राहून दोन गोष्टी बोलले होते. गावाला विचारल्याशिवाय कुठल्याच आघाडीत जाणार नाही, आणि कन्याशाळेचं मैदान कुणाला देणार नाही. जागा जिल्हा परिषदेची, रस्त्याला लागून. भाऊंना तिथं दुकानांचे गाळे बांधायचे आहेत. त्या मैदानावर मी खो-खो खेळले, आता माझी तृप्ती खेळते.

निघायच्या आदल्या दिवशी हे घरी येऊन म्हणाले, "काल देवळात गावाची बैठक झाली. समदे म्हणले भाऊंसोबत जा." मी विश्वास ठेवून गाडीत बसले. काल चहाच्या वेळी विचारलं, बैठकीला कोण कोण होतं? म्हणाले, सगळे होते. सगळे म्हणजे कोण, असं पुन्हा विचारलं तर कप खाली ठेवून बाहेर निघून गेले.

आज सकाळी यांनी एक स्टॅम्पपेपर पुढं केला. "सही कर, नुसती हजेरी हाय." बाकी सगळ्यांनी केली. मी म्हटलं, उद्या करते.

हे पत्र मच्छिंद्रच्या हाती देतेय. आघाडीच्या जीपचा ड्रायव्हर. तुझ्या मस्तगडच्याच खालच्या आळीत राहतो, दिवसाआड जालन्याला येऊन सदस्यांच्या गोळ्या-औषधं नि धुतलेले कपडे घेऊन जातो. आत्या, बैठक खरंच झाली का आणि तो कागद कसला आहे, एवढं कळव.

तुझी,
शीतल

मस्तगड, जुना जालना
५ फेब्रुवारी

चि. शीतल,
आशीर्वाद. आणि सगळ्यात आधी, त्या कागदावर सही करू नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाच.

बत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागात काढली. सात अध्यक्ष आले नि गेले, मी तिथंच होते. तो कागद म्हणजे आघाडीच्या नोंदणीचा कागद. तो एकदा कलेक्टर कचेरीत पोचला की तू अपक्ष राहत नाहीस. मग अध्यक्षाची निवडणूक असो की मैदानाचा ठराव, आघाडी सांगेल तिकडंच हात वर करायचा. नाही केलास तर सदस्यत्वावर गदा. हजेरीला स्टॅम्पपेपर लागत नाही, हे जावईबापूंनाही ठाऊक आहे. तुला ठाऊक नसेल असं त्यांना वाटलं, याचा मला जास्त राग आला.

हरिओमरावांबद्दल मी आजवर काही बोलले नाही. तुझ्या लग्नात पंगत उठायच्या आत त्यांनी वाढप्याला बाजूला घेऊन किती जिलेबी उरली म्हणून विचारलं होतं, तेव्हाच मी ओळखलं होतं. पण तुझे वडील म्हणाले, ताई, तुला सगळ्यांचाच संशय येतो. येतो. आणि बहुतेक वेळा तो खराही निघतो.

इथंही पाणी मुरतंय. माझ्या घरासमोरचे मूलचंदजी, कपड्याचे व्यापारी, चाळीस वर्षांचा शेजार. त्यांच्या दुकानापुढं दोन दिवस एक पांढरी मोठी गाडी उभी आहे, अगदी बद्रीनाथ भाऊंच्या गाडीसारखी. काल तिच्यातून गुंडाळलेले लांबलांब कागद उतरले. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, घर का काम है." घरच्या कामाला नकाशे लागतात होय? गाळे म्हटले की ते घेणारा व्यापारी लागतोच. माझ्या डोक्यात जुळत चाललंय.

आता हे नीट लक्षात ठेव. पत्र कोण फोडतं ते कळायला आम्ही ऑफिसात एक युक्ती करायचो. पाकीट चिकटवताना डिंकावर आपला एक केस आडवा ठेवायचा. पाकीट फोडून परत चिकटवलं तर केस तुटतो नाहीतर गळून पडतो. मी या पाकिटाला लावलाय. तूही लावत जा. मच्छिंद्र चांगल्या घरचा आहे, पण भाकरी बद्रीनाथ भाऊंची खातो.

उद्या एसटीनं पिंपळगावला जाऊन येते.

तुझी,
पुष्पाआत्या

रिसॉर्ट
७ फेब्रुवारी

ती. आत्या,
नमस्कार.

तुझ्या पाकिटात केस नव्हता. मी ते उजेडात धरून सगळीकडं बघितलं. डिंकाची बाजू जरा सुरकुतलेली वाटली. म्हणजे तुझा अंदाज खरा दिसतोय. मी आता कुणाशी काय बोलावं तेच कळेनासं झालंय.

सही अजून केली नाही. काल यांनी पुन्हा कागद आणला, तर मी म्हटलं, अमावास्या लागतेय, अशा दिवशी नव्या कामाचा कागद करू नये, आईनं शिकवलंय. यांनी कागद घडी करून खिशात घातला. बाहेर जाऊन भाऊंना सांगितलं. भाऊ स्वतः जेसीबी घ्यायचा तरी मुहूर्त बघणारे, त्यांनीही मान डोलावली. पण अमावास्या किती दिवस पुरणार?

माझ्या खोलीत शहागडच्या उषाबाई आहेत. भाऊंच्याच आघाडीच्या. वयानं मोठ्या, दिवसभर माळ ओढतात. मी विचारलं, तुम्ही कागद वाचला होता का? त्या म्हणाल्या, "वाचायचा कुठून? माझ्या मालकानं माझ्या आधीच माझी सही केल्ती." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

हे दिवसभर भाऊंच्या मागंमागं असतात. मी जवळ गेले की दोघं पावसापाण्याचं बोलायला लागतात, फेब्रुवारीत. यांची मला भीती वाटते असं नाही. दहा वर्षं एका घरात राहून हा माणूस मला कळला नाही, याची वाटते.

एक सहज विचारते. इथल्या बायकांत बोलणं निघालं होतं म्हणून. अध्यक्षपद यंदा महिलेसाठी आहे, भाऊंची सून सुरेखा उभी राहणार हे सगळ्यांना माहीत आहे. पण नियमानं कोण उभं राहू शकतं? आघाडीनं नाव द्यावंच लागतं का?

आणि आत्या, हात जोडून सांगते, यातलं काही जिल्हा परिषदेच्या कँटीनमध्ये जाऊन विचारू नकोस. तिथं बोललेलं तासाभरात अंबड-परतूरपर्यंत जातं. मी नाराज आहे असं कुणाला कळलं तर माझं काही खरं नाही.

शीतल

मस्तगड
९ फेब्रुवारी

चि. शीतल,
आशीर्वाद.

तुझ्याही पाकिटात केस नव्हता. मी भिंग लावून बघितलं. दोन्हीकडची पत्रं फुटतात, आणि दोन्हीकडं हात एकाच माणसाचा. हे पत्रही तो वाचेलच. वाच बाबा मच्छिंद्रा, तुझ्या आईला मी ओळखते.

पिंपळगावला जाऊन आले. देवळाच्या पायरीवर तासभर बसले. हार विकणाऱ्या बाईला विचारलं, इथं मागच्या आठवड्यात गावाची बैठक झाली म्हणे? ती म्हणाली, "कशाची बैठक वो? देवळात आठ रोजापून भजन बी झालं न्हाई." मग दुसऱ्या एकीनं सांगितलं, हरिओमच्या जेसीबीच्या शेडमधी आठ माणसं बसल्ती, चिवडा नि सोड्याच्या बाटल्या घेऊन. तो झाला तुझा गाव. आणि शेडमध्ये बसलेल्यांत एकही बाई नव्हती. मैदान सपाट करायला जेसीबी कुणाचा लागणार, हे तुला मी सांगायला नको. शीतल, तुझ्या नवऱ्यानं तुझं मत परस्पर देऊन टाकलं आहे. तू लेखी विचारलंस, मी लेखी कळवते.

परत येताना मी शाळेच्या मैदानावर गेले होते. पोरी खेळत होत्या. तुझ्या तृप्तीनं मला लांबून ओळखलं आणि पळत आली. मम्मी कधी येणार म्हणाली. मी म्हटलं, काम झालं की.

कँटीनला मी जाणार नव्हतेच. पण पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं काम निघालं. तो नोव्हेंबरातच दिलाय, पण पोचला की नाही ते नको बघायला? तिथं जुनी माणसं भेटली. चहा झाला. समोरच्या आघाडीचा राधेश्याम खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. "बाई, पोरगी नाराज हाय म्हणतेत?" मी म्हटलं, नाराज कशाला असेल, फसवलेली आहे. बस, एवढंच बोलले. संध्याकाळी दोघं जण पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या दारात हजर. म्हणाले, ताईंना निरोप द्या, आमच्याकडं या, मान ठेवू. मी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पेढे परत पाठवले. आख्ख्या आळीनं पाहिलं.

आणि बद्रीनाथ भाऊंच्या ऑफिसातल्या माणसालाही मी सुनावलं, तुमचा ड्रायव्हर बायामाणसांची पत्रं फोडतो, शरम वाटू द्या. आता तरी ते थांबेल.

तुझा प्रश्न. सदस्य असलेली कुठलीही बाई उभी राहू शकते, अपक्षसुद्धा. आघाडीनं नाव द्यावं असं काही नाही. निवडणुकीच्या दिवशी वेळेत अर्ज भरायचा, एक सूचक सदस्य लागतो. मग सभागृहात हात वर करून मतदान. निवडून आलेल्या अध्यक्षावर पहिले सहा महिने अविश्वास आणता येत नाही. पण हे तुला कशाला हवंय? तू फक्त सही करू नकोस आणि जेवताना डोळे उघडे ठेव.

पुष्पाआत्या

रिसॉर्ट
१२ फेब्रुवारी

ती. आत्या,

तुझं पत्र मिळालं. केसाचं काय लिहू? नव्हता.

इथं सगळं एकदम बदललंय. परवा दुपारपासून बद्रीनाथ भाऊ स्वतः मला विचारायला येतात, ताई, चहा बराबर मिळतो ना? यांच्या मागं मात्र दोन माणसं लावलीत. हे संडासला गेले तरी एक जण बाहेर उभा. भाऊंना वाटतं हे समोरच्यांशी बोलणी करून राह्यलेत. काल यांनी माझ्यासमोर रेणुकाईची शपथ घेतली की मी कुणाशी बोललो नाही. पहिल्यांदाच खरं बोलत होते आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

सही अजून नाही.

मच्छिंद्र दिसत नाही. हे पत्र नवीन ड्रायव्हर घेऊन येतोय.

उद्या गाड्या जालन्याकडं निघतील, परवा निवडणूक. माझी काळजी करू नकोस.

शीतल

मस्तगड
१६ फेब्रुवारी

मा. अध्यक्षा, जिल्हा परिषद, यांस,

मायना बघून चमकू नकोस. सध्या मला चि. लिहिवत नाही.

काल-परवापासून तुझे नऊ फोन आले. मी उचलले नाहीत. फोनवर बोललेलं ऑफिसात कधी झालेलंच नसतं. मला लेखी पाहिजे.

चौदा तारखेला मी जिल्हा परिषदेसमोरच्या रसवंतीत सकाळी दहापासून बसले होते. मला वाटत होतं, तू रडवेली होऊन बाहेर येशील आणि तुला धरायला कुणीतरी पाहिजे. दोनच्या सुमाराला फटाके वाजले. कुणीतरी ओरडलं, अपक्षाची लॉटरी लागली. मी विचारलं, कोण झालं? "पिंपळगाव रेणुकाईच्या शीतलताई. बद्रीनाथ भाऊंनी सुनंला बसवलं न् ह्यांना उभं केलं. शहागडच्या उषाबाई सूचक." मग तू बाहेर आलीस. गळ्यात पाच हार. रडवेली बिलकुल नव्हतीस.

घरी येऊन मी तुझी तिन्ही पत्रं पलंगावर मांडली आणि फाइल तपासतात तशी तपासली. सात तारखेचं पत्र बघ. खाली आहे, एक सहज विचारते. सहज कुणी सूचक नि अर्ज विचारत नाही, शीतल. त्याच्या खालची ओळ बघ. कँटीनला जाऊ नकोस. मला. सहासष्ट वर्षं मला जे करू नको म्हटलं ते मी केलंय, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. अकरावीपासून माझ्या घरात राहिलीस तू.

म्हणजे मी जायलाच पाहिजे होते. मी कँटीनमध्ये बसून बोलायचं, राधेश्यामनं ऐकायचं, माझ्या दारात पेढे यायचे, ते आळीनं बघायचं आणि बद्रीनाथ भाऊंची पाचावर धारण बसायची. पोरगी हातची जाते म्हणून त्यांनी सुनेच्या जागी तुला बसवायचं. बिनपगारी शिपाई होते मी तुझी.

आणखी ऐक. मूलचंदजींच्या दारातली पांढरी गाडी भाऊंची नव्हती. मांडववाल्याची होती. त्यांच्या नातीचा, कनिकाचा साखरपुडा होता. ते नकाशे म्हणजे स्टेजच्या मागं लावायची गुंडाळलेली चित्रं. काल ते मिठाई घेऊन आले, म्हणाले, "बाई, तुम आठ दिन से दुकान के सामने आँखें फाड़ के क्यों देख रही थी?" मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

तेही मी गिळलं असतं. पण आज भाजी आणायला खालच्या आळीत गेले तर मच्छिंद्र ओट्यावर बसलेला. भर दुपारी, घरी. भाऊंनी अकरा तारखेलाच काढून टाकलंय. पत्रं फोडणारा म्हणून त्याचं नाव झालंय, दुसरं कुणी गाडीवर घेईना. मला बघून उभा राहिला. म्हणाला, "आत्याबाई, मी तर तुमच्या पाकिटाला हात लावतानी बी पुसून लावत होतो. मला वाचाया कुठं येतं धड?"

एकच विचारते. खरं लिही. पाकिटात केस होता की नव्हता?

पुष्पाबाई

अध्यक्षांचे दालन, जिल्हा परिषद
१८ फेब्रुवारी

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

होता.

पहिल्या पाकिटात होता, पांढरा, अख्खा, डिंकात नीट बसलेला. दुसऱ्यातही होता. परवाच्या इतक्या रागाच्या पत्रालाही तू लावायला विसरली नाहीस. तिन्ही केस मी रेणुकाईच्या फोटोमागं ठेवलेत. माझ्या पाकिटांना मी कधी लावलाच नव्हता. आपली पत्रं कुणीच फोडली नाहीत, आत्या. कुणाला एवढी गरजच वाटली नाही. सगळ्यांचं लक्ष नवऱ्यांवर होतं. पहारा नवऱ्यांवर, बोलणी नवऱ्यांशी. आम्ही बायका दिवसभर कुठं होतो, हे त्यांनी मोजलंसुद्धा नाही.

पहिलं पत्र मात्र खरं होतं. तेव्हा मी खरंच घाबरले होते. तुझं उत्तर आलं आणि मला दोन गोष्टी कळल्या. यांनी मला विकलंय, आणि मी अजून सही केलेली नाही. रात्र सोड, दिवससुद्धा सरेना. तोंडानं बोलले असते, मी येत नाही, तर यांनी आजारी म्हणून मला घरी पाठवलं असतं आणि सहीचं काहीतरी बघितलं असतं. उषाबाईंचं झालं तसं. मग वाटलं, मी बोलायचंच नाही. दुसऱ्या कुणीतरी बोलावं, आणि जालन्यात ज्याच्या बोलण्यावर विश्वास बसतो असं.

तुला खरं का नाही सांगितलं, हे तू विचारणारच. तुला खोटं बोलता येत नाही, आत्या. फक्त संशय घेता येतो. तू नाटक केलं असतंस तर राधेश्यामनं पहिल्या घोटात ओळखलं असतं. तुला खरोखर संशय यायला पाहिजे होता, आणि तो यायला मला फक्त एक केस नाही म्हणावा लागला. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

तेरा तारखेला वाटेतच भाऊंनी विचारलं, ताई, समोरचे अध्यक्षपद देऊन राह्यले, तुमचं काय म्हणणं? मी म्हटलं, माझं म्हणणं कुणी कधी विचारलं नव्हतं, विचार करून सांगते. एका तासात सुनेचं नाव मागं घेतलं. सहीची अट घालायला त्यांच्याकडं वेळच उरला नव्हता. तो कागद अजून कोराच आहे. भाऊंना वाटतं, खुर्चीवर ही बसली तरी कारभार हरिओम बघणार. हरिओमलाही तसंच वाटत होतं. पहिल्या दिवशी दालनात येऊन माझ्या शेजारची खुर्ची ओढली. मी शिपायाला सांगितलं, साहेबांना बाहेरच्या बाकावर पाणी द्या. तेव्हापासून घरात बोलत नाहीत. तृप्ती दोघांचे निरोप इकडून तिकडं करते. घराचं पुढं काय होईल मला माहीत नाही.

वीस मार्चला सर्वसाधारण सभा आहे. विषय क्रमांक अकरा, पिंपळगाव रेणुकाईच्या मैदानावर गाळे. मी तो विषयपत्रिकेतून काढला नाही. तो सभेत यावा आणि सगळ्यांसमोर पडावा, म्हणजे गुपचूप परत आणता येणार नाही.

मच्छिंद्रचं मला बारा तारखेलाच कळलं होतं. एक ओळ लिहून मी गप्प बसले. आजही भाऊंना सांगितलं की पत्रं फुटलीच नव्हती, तर ते विचारतील की मग तुझी आत्या खोटं का बोलली, आणि सावध होतील. वीस मार्चपर्यंत थांब, आत्या. मग मी स्वतः सांगेन. एवढा विश्वास ठेव.

तुझी,
शीतल

मस्तगड
२१ मार्च

चि. शीतल,
अनेक आशीर्वाद.

काल सभेला मी मागच्या बाकावर होते. तू पाहिलंस की नाही, माहीत नाही. वही नेली होती. माझा तुझ्यावर विश्वास नव्हता, हे लिहूनच टाकते. महिनाभर मला वाटत होतं, जिनं मला फिरवलं ती गावालाही फिरवेल. शेवटच्या क्षणी तू काहीतरी कारण काढशील आणि विषय अकरा मंजूर होईल. अमावास्या असती तर तीच सांगितली असतीस.

विषय पुकारला. बाजूनं हात वर झाले, विरोधात हात वर झाले, सभेच्या सचिवांनी दोनदा मोजले आणि दोन्हीकडं सारखेच निघाले. सगळं सभागृह तुझ्याकडं बघायला लागलं. बद्रीनाथ भाऊ निर्धास्त बसले होते. दारात हरिओमराव उभे होते, त्यांनी तुला मान हलवून खूण केली. मी पाहिली, तूही पाहिलीस. आणि तू विरोधात हात वर केलास. हळू नाही, घाबरत नाही. मुलगी वर्गात उत्तर येतंय म्हणून करते तसा. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. वहीत काही लिहिता आलं नाही.

तुझं पुढं अवघड आहे. सहा महिने तुला हात लावता येणार नाही, त्यानंतर हे लोक गप्प बसणार नाहीत. घरातली लढाई तर आजच सुरू झाली असेल. माझ्या घराची मागची खोली मी झाडून ठेवलीय. तृप्तीला घेऊन कधीही ये, विचारू नकोस.

मला वापरलंस ते मी माफ केलं. तुला संशय घ्यायला मीच शिकवलं, तो तू माझ्यावरच चालवून पाहिलास. पण मच्छिंद्रनं तुझं काय बिघडवलं होतं? चाळीस दिवस तो माणूस ओट्यावर बसून होता. त्याची बायको नळावर पाण्याला गेली तर बायका भांडी झाकून घ्यायच्या, पत्रं फोडणाऱ्याची म्हणून. तू केस नाही म्हणालीस, आणि मी चौकशी न करता त्याचं नाव घेतलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला खुलासा मागितल्याशिवाय दोषी धरलं नव्हतं. यात तुझ्याइतकीच मी आहे.

काल रात्री अंधारात गुपचूप नव्हे, आज भर सकाळी, सगळे नळावर असताना मी त्याच्या दारात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं माझी चूक सांगितली. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. साखर घालायची की नाही, हे तिनं मला विचारलं नाही, आणि चहा कडू होता. मी सगळा प्यायले.

आता तुझी पाळी. वीस मार्च काल झाला.

हे पत्र मी मच्छिंद्रच्याच हाती देतेय. पाकीट चिकटवलेलं नाही. केसही नाही. त्याला वाचायला धड येत नाही म्हणून मी त्याला सगळं वाचून दाखवलंय, तुझं अठरा फेब्रुवारीचं पत्रसुद्धा. तुझ्या दालनाबाहेर बाकावर तो बसलेला असेल. शिपायाला पाठवून पत्र आत मागवू नकोस. तू उठून दारापर्यंत ये.

तुझी,
पुष्पाआत्या